एल्झी टॅकेटची चार पावलं

रॉइस आला तेव्हा वर्डी उकडलेल्या अंड्यांच्या अर्धुकांत पिवळं सारण भरत होती. तिनं मान वर केली नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला ‘बघितलं नाहीस का’ म्हणून कोणी जाब विचारत नाही. म्हातारपणाचा तेवढा एक फायदा असतो, आणि आज तो तिला हवा होता.

सोमवारी या तिच्या भाच्यानं राजधानीत, राज्याच्या शिक्षण मंडळात, माइकसमोर बसून सांगितलं होतं की पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं आहे. माणूस कुठल्या माकडापासून झालेला नाही, देवानं त्याला मातीतून घडवला, आणि ज्याला पुरावा पाहिजे त्यानं आमच्या गावात येऊन विचारावं. “माझे आजोबा एल्झी टॅकेट यांनी सीडर फोर्क नदीच्या पात्रात डायनोसॉरच्या पावलांशेजारी माणसाची चार पावलं शोधून काढली. मी स्वतः त्यात पाय ठेवलेला आहे.” मंडळाच्या पुढे शाळेची नवी पुस्तकं होती. उत्क्रांतीचा धडा राहणार की कापला जाणार, त्यावर येत्या शुक्रवारी मतदान होतं. ज्यांनी जन्मात एक दगड फोडून आत काय आहे ते बघितलं नाही, अशी अकरा माणसं हात वर करून पृथ्वीचं वय ठरवणार होती. आणि त्या अकरांतला सगळ्यात ठाम हात टॅकेटांच्या घरातला होता.

बाहेरचे लोक वर्तमानपत्र वाचून हसले. त्यांच्या कॅल्डर गावात कोणी हसलं नाही. मे महिन्यातला हा रविवार गावानं कबरी सजवायचा. सकाळपासून कुदळी घेऊन गवत काढायचं, फुलं ठेवायची, दगड धुवायचे आणि दुपारी पत्र्याच्या मांडवाखाली लांबलचक टेबलांवर घरोघरचं जेवण मांडायचं. आज लोक आधी रॉइसचा हात हातात घेत होते, मग आपल्या मेलेल्यांकडे जात होते.

“सहा हजार वर्षं?” वर्डीचा धाकटा भाऊ, रॉइसचा काका डब ऐंशीच्या घरात होता, पण जीभ विशीतली. “अरे, त्याहून जुनं तर हे नेल्डाचं बटाट्याचं सॅलड आहे. दरवर्षी तेच पातेलं येतं.”

“मग खाऊ नकोस, मामा,” वर्डीची मुलगी नेल्डा म्हणाली. “मागच्या वर्षी तीनदा घेतलंस ते कोणी, डायनोसॉरनं?”

सगळे हसले. रॉइसही हसला. तो मोठा, गोरापान, साठी ओलांडलेला माणूस होता. बांधकामाच्या धंद्यात पैसा केला होता, आणि कोणाचा बुडवला नव्हता. वाकून त्यानं वर्डीच्या गालावर ओठ टेकवले. “आत्या, तुझ्या अंड्यांसाठी मी दोनशे मैल आलो.”

“अंड्यांसाठी की फोटो काढून घ्यायला?”

“तुझ्याशी बोलायचंय. जेवण झाल्यावर.”

तिनं मान हलवली. काय बोलायचंय ते तिला ठाऊक होतं. ती पावलं नदीत असताना पाहिलेली माणसं आता तीनच उरली होती, आणि त्यातली शहाणी म्हणून गावानं मान्य केलेली एकटी वर्डी.

मांडवाच्या पलीकडे, कुंपणाजवळ, तिची नात केंड्रा एकटीच गवत काढत होती. सकाळपासून तिच्या शेजारी कोणी कुदळ मारायला उभं राहिलं नव्हतं. वर्डी काठी टेकत तिच्याकडे गेली.

“पुरे कर. तिथं कोणी पुरलेलं नाहीये, पोरी. तू माळ खणतेयस.”

“बरंय. मेलेले तरी बोलत नाहीत म्हणून राग येत नाही.” केंड्रानं घाम पुसला. तेहतीस वर्षांची, गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी. “आजी, मंगळवारी सात वाजता शाळा समिती बसतेय. माझा पुढच्या वर्षाचा करार आहे समोर.”

“नेल्डानं सांगितलं.”

“मी वर्गात कोणाचं नाव घेतलं नव्हतं. एका मुलीनं विचारलं, नदीतली माणसाची पावलं खरी होती का? मी म्हटलं, फोटो बघ, ते छिन्नीचं काम आहे. झालं. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाचं पत्र.”

“या गावात तेवढं पुरतं.”

“मार्चमध्ये मी तुला विचारायला आले होते. तू त्यांची मुलगी. म्हटलं, हिला माहीत नसेल तर कोणाला? तू म्हणालीस, आठवत नाही.” केंड्रानं कुदळ खाली टाकली. “मी तुला खोटं पाडत नाहीये. फक्त विचारतेय. आता काही आठवतंय का?”

तेवढ्यात नेल्डा थंड चहाचा जग घेऊन आली.

“आईला त्रास देऊ नकोस,” नेल्डा म्हणाली. “रॉइसशी बोललेय मी. तू समितीपुढं ‘माझं बोलणं चुकलं’ एवढं म्हण, तो गेलनला फोन करेल. समितीचा अध्यक्ष आहे तो, रॉइसचं ऐकतो. करार टिकेल.”

“आणि पोरांना काय सांगू? की दगडाचा अभ्यास करणारे सगळे वेडे?”

“तुझ्या पणजोबांना अख्ख्या गावासमोर खोटारडं ठरवलंस, त्याचं काही नाही?”

“आई, मी त्यांचं नाव नाही घेतलं!”

“नाव कशाला घ्यायला हवं? ते बघ, दगडावर कोरलंय!”

कोरलं होतं खरंच. एल्झीच्या कबरीवर चर्चनं बसवलेल्या दगडावर नावाच्या खाली एक पाऊल होतं आणि त्याखाली शब्द: ‘याने सत्य शोधले’. वर्डी दरवर्षी तो दगड धूत आली होती. दरवर्षी त्या पावलाच्या बोटांच्या खोबणीतली माती काढताना ती मान दुसरीकडे वळवायची.

कारण ते पाऊल तिचं होतं.

एकोणीसशे चौतीस साल. पाऊस नाही, कापूस जळालेला, मक्याला दाणा नाही. नदी आटून पांढरी चुनखडी उघडी पडली आणि तिच्यावर तीन बोटांची मोठमोठी पावलं निघाली. ती मात्र खरी. बापानं ती खणून काढून फोर्ट वर्थहून येणाऱ्या दगडवाल्यांना विकायला सुरुवात केली. त्या पैशांतून आलेल्या पिठावर घर जगलं. मग एक व्यापारी म्हणाला, माणसाचं मिळालं तर दुप्पट देईन. बापानं नऊ वर्षांच्या वर्डीला पिठाच्या रिकाम्या कागदी पिशवीवर उभं केलं, कोळशानं पायाभोवती रेघ ओढली आणि मग ती रेघ दुपटीनं मोठी केली. छिन्नीनं सुट्या लादीवर कोरलं, चमच्याच्या पाठीनं घासलं, आम्ल ओतून कडा मऊ केल्या. पाणी वर्डी ओतायची. लादी शेणात पुरून ठेवायची, म्हणजे जुनी दिसते. शेण पाच वर्षांचा डब आणायचा. आणि व्यापाऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून बापानं नदीच्या पात्रातच, खऱ्या पावलांच्या शेजारी, ओळीनं चार कोरली. “हे दगडवाल्यांसाठी,” तो पोरांना म्हणाला. “चर्चमध्ये बोलायचं नाही.”

पण पाद्री स्वतःच नदीवर आला. ती चार पावलं बघून तो गुडघ्यावर बसला आणि रडला. म्हणाला, देवा, या उपाशी लोकांना तू पुरावा दिलास. बाप टोपी हातात धरून उभा होता. वर्डी त्याच्या तोंडाकडे बघत होती. आता बोलेल, आता बोलेल. तो बोलला नाही. भुकेपोटी केलेलं पाप माफ होण्यासारखं होतं. त्या रडणाऱ्या माणसासमोर गप्प राहणं, ते मात्र पुढं सगळ्या घराला पुरलं.

बाप तेव्हापासून चर्चच्या पुढच्या बाकावर बसू लागला. आणि वर्डीनं चाळीस वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत पोरांना शिकवताना त्या पावलाचा प्लास्टरचा साचा टेबलावर ठेवला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सुरुवातीला लाजेनं ठेवला, मग सवयीनं. शेवटी शेवटी तर तिला स्वतःलाच कधी कधी वाटायचं, खरंच असेल.

पीचचा गोड पुडिंगसारखा पदार्थ वाढून झाला तेव्हा रॉइसनं खुर्ची वर्डीजवळ ओढली. टॅकेटांच्या टेबलावर डब, नेल्डा आणि केंड्रा होते. केंड्रा ताटातला घास नुसता फिरवत होती.

“आत्या, शुक्रवारी मतदानाच्या आधी साक्षीदारांना दोन-दोन मिनिटं आहेत. ते विद्यापीठाचे तिघे येतायत, डोक्यावर केस नाही आणि तोंडाला दार नाही असे. मला वाटतं, तू यावंस.”

“मी काय बोलणार?”

“जे पाहिलंस ते. लहानपणी बापाबरोबर नदीवर गेलीस, ती पावलं बघितलीस. बस्स. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई बायबलवर हात ठेवून सांगते, तर ते प्रोफेसर काय करतील? तुझी उलटतपासणी घेतील?” तो हसला. “गाडी पाठवतो. हॉटेल चांगलं बघितलंय. नेल्डा येईल बरोबर.”

“मी नवा ड्रेस घेतलाय,” नेल्डा म्हणाली.

“काय गं ताई,” डब म्हणाला, “तू टीव्हीवर दिसलीस तर निदान तुझे दात बसवल्याचे पैसे वसूल होतील.” पण तो हसत नव्हता. टेबलाखाली त्यानं तिचा गुडघा दाबला. गप्प बस, असा अर्थ होता त्याचा. पंचाहत्तर वर्षं तोच अर्थ होता.

वर्डीनं चमचा खाली ठेवला.

“ती पावलं बाबांनी कोरली, रॉइस.”

“काय?”

“छिन्नीनं. मी पाणी ओतलं. माझ्याच पायाची रेघ काढली होती, पिठाच्या पिशवीवर. तीन बोटांची होती ती देवाची. माणसाची होती ती आमची.”

केंड्राचा हात ताटावरच थांबला. नेल्डानं आधी आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकतंय का.

“आई, ऊन लागलंय तुला.”

“मला ऊन लागलेलं नाही. डबला विचार. हा शेण आणायचा. सांग रे.”

डबनं हातपुसणं घेतलं, तोंड पुसलं, मिशा पुसल्या, पुन्हा तोंड पुसलं. इतका वेळ कोणी तोंड पुसत नाही.

“ताई,” तो म्हणाला, “मी पाच वर्षांचा होतो.”

“शेण आणायचास की नाही?”

“शेण काय, सगळ्या घरात आणायचे. बागेला घालायला.” तो आता रॉइसकडे बघत होता. “बाबांनी खऱ्या लाद्या काढल्या, ते मला आठवतंय. छिन्नी होती, कारण लादी काढायला छिन्नी लागते. ताईचं... अरे, ताईचं वय झालंय.”

“डब!”

“बाबांच्या कबरीपासून वीस पावलांवर आपण बसलोय,” डब दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. “कबरीपासून वीस पावलांवर, ताई. तुला आजचाच दिवस सापडला?”

“मग कुठला दिवस सापडायला हवा होता? सांग ना. कुठला?”

“मार्चपासून हिचं असं चाललंय,” नेल्डा घाईनं म्हणाली. “केंड्रानं विचारलं तेव्हा म्हणाली, काही आठवत नाही. मी तिथंच होते. आठवत नाही, हेच शब्द. काय गं केंड्रा, म्हणाली की नाही?”

केंड्रानं ताट बाजूला सारलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. म्हणूनच ती मंगळवारी अडकणार होती.

“म्हणाली,” ती शेवटी म्हणाली.

“बघ! मार्चमध्ये आठवत नाही आणि मे महिन्यात पिठाच्या पिशवीची रेघसुद्धा आठवते?”

वर्डीला एकदम कळलं की आपण कुठे उभ्या आहोत. चाळिशीत हे बोलली असती तर गावानं तिला वाळीत टाकलं असतं. साठीत बोलली असती तर भांडण झालं असतं, प्रोफेसर आले असते, काहीतरी झालं असतं. आता ती बोलली तर लोक तिचा हात थोपटणार होते. तिनं इतकी वाट बघितली होती की खऱ्यालाच म्हातारपणाचा वास यायला लागला होता.

 रॉइसचा चेहरा लाल झाला होता, मग पांढरा.

“आत्या, मी सात वर्षांचा होतो,” तो म्हणाला.

“हो.”

“आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. वडील प्यायला बसले होते. मी तुला विचारलं, देव आहे हे कशावरून? आई परत भेटेल हे कशावरून? तू मला नदीवर नेलंस. बूट काढायला लावलेस. माझा पाय त्या पावलात ठेवलास आणि म्हणालीस, बघ, पुस्तकात लिहिलंय ते इथं दगडावर आहे. हे खरं तर तेही खरं.”

“म्हणाले.”

“पंचावन्न सालची गोष्ट आहे. सत्तावन्नच्या पुरात ती कपार वाहून गेली. मी तेव्हा रडलो होतो, आठवतं? तू म्हणालीस, तुझा पाय लागलाय ना, झालं तर.” त्यानं टायची गाठ सैल केली. “मी चर्चमध्ये उभा राहिलो ते त्यावर. लग्न केलं ते त्यावर. मंडळात जाऊन बसलो ते त्यावर, आत्या. बाकी मला शिक्षण काय आहे?”

“रॉइस मामा,” केंड्रा हळू म्हणाली, “आई भेटणं न भेटणं हे दगडावर कशाला...”

“तू थांब,” तो म्हणाला, पण कडक नाही. थकल्यासारखा. मग त्यानं खुर्ची सरकवली. “नेल्डा, आत्याला सावलीत बसव. मी गेलनला फोन करतो. केंड्रा चुकलं म्हणाली की संपलं.”

“मी म्हणणार नाही,” केंड्रा म्हणाली.

“मूर्खपणा करू नकोस!” नेल्डा ओरडली. “तुझी स्वतःची आजी तासाला तिची गोष्ट बदलतेय आणि तू तिच्यासाठी नोकरी घालवणार?”

“तिच्यासाठी नाही.” केंड्रा उठली. वर्डीच्या मागे येऊन तिनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ओझं ठेवावं तसा नाही, हलका. “आजी, मला तुझं पटलं. पण खरं सांगू? मार्चमध्ये मी एकटी नव्हते. गावच्या दोन शिक्षिका माझ्या बाजूनं बोलणार होत्या. त्या वेळी तू म्हणाली असतीस तर...” तिनं वाक्य पुरं केलं नाही. “हळूहळू दोघीही गप्प झाल्या. मी त्यांना दोष देत नाही.”

“मला दे.”

“देतेय,” केंड्रा म्हणाली, आणि आजीच्या पांढऱ्या केसांवर ओठ टेकवून आपली कुदळ आणायला गेली. मंगळवारी ती समितीपुढं काय म्हणणार आणि समिती काय करणार, ते टेबलावरच्या प्रत्येकाला कळलं होतं. समितीतल्या पाचजणांपैकी चारजण वर्डीच्या रविवारच्या शाळेत शिकले होते. प्लास्टरच्या साच्यात बोट घालून.

लोक फुलं घेऊन पांगले. नेल्डा भांडी गाडीत ठेवायला गेली. डब बापाच्या कबरीजवळ पाठमोरा उभा राहिला, टोपी काढून. वर्डी सिमेंटच्या बाकावर एकटीच बसली होती तेव्हा रॉइस परत आला. शेजारी बसला. 

“डब काका खोटं बोलतायत,” तो म्हणाला.

“हो.”

“मला कळलं. तुझ्याकडे बघत नव्हते.”

“त्याला बापाचं वाटतं रे. दुसरं काही नाही.”

“म्हणजे ती छिन्नीची.”

“हो, बाळा.”

त्यानं डोळे मिटले. तो साठीचा माणूस तिच्या शेजारी सात वर्षांचा होऊन बसला होता. तिला वाटलं, आता विचारेल. आई भेटेल का, विचारेल, आणि त्याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही, एवढं तरी मी त्याला खरं सांगेन. पण त्यानं ते विचारलं नाही.

“तुझ्याऐवजी मी सांगतो त्यांना, की तुझी तब्येत बरी नाही,” तो म्हणाला. “तू येऊ नकोस शुक्रवारी.”

“आणि तू?”

“मला जावं लागेल.”

“मग जा. सांग त्यांना, मी लहान होतो, मला चुकीचं सांगितलं. माझं नाव घे. मी जिवंत आहे तोवर घे.”

“आत्या, एक लाख लोकांनी मला मत दिलंय. सोमवारी मी बोललो तेव्हापासून पत्रं येतायत. एका बाईचा मुलगा गेलाय. ती लिहिते, तुमच्या आजोबांच्या पावलांमुळे मला रात्री झोप लागली.” त्यानं हातांकडे बघितलं. “तिला मी काय लिहू?”

वर्डीला पाद्र्यासमोर टोपी हातात धरून उभा असलेला बाप आठवला. 

“धडा कापायच्या बाजूनं मत देशील?”

“देईन.”

“आणि पावलांचं?”

तो उठला. पँटवरची धूळ झटकली, टाय नीट केला, आणि मांडवाकडून हाका मारणाऱ्या लोकांना हात दाखवला. त्याच्या तोंडावर ते हसू आलं जे वर्डीनं फोटोंत पाहिलं होतं.

“जे सांगत आलो तेच सांगेन,” तो म्हणाला. “आणखी काय?”

तो लोकांमध्ये गेला. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. वर्डी बघत राहिली. राजधानीत लोक त्याला मूर्ख म्हणत होते, ढोंगी म्हणत होते, आणि तिला त्या बोलण्याचा राग येत होता, कारण आज दुपारपर्यंत ते चूक होतं. चोपन्न वर्षं तो माणूस जे बोलला ते मनापासून बोलला. आता शुक्रवारी तो पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं बोलणार होता. तेवढं शिकायचं राहिलं होतं त्याचं, तेही तिनंच शिकवलं.